थांबवायला विचारायचं न्हाई

कारखान्यात कुणी नवा आला की आमच्या इंजिनिअर मॅडम त्याचं मनगट धरायच्या, कंट्रोल रूममध्ये न्यायच्या आणि भट्टीत अजून गार भंगार असताना कॉम्प्युटरच्या एका बटणावर त्याचं बोट ठेवायच्या. "दाब. जोरात." भट्टीची वीज तुटायची, घरघर थांबायची. "ध्यानात ठेव. थांबवायला कुणाला विचारायचं न्हाई."

जालन्यातल्या आमच्या सळईच्या कारखान्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अप्रूप. भट्टीची उष्णता, तिला गार ठेवणाऱ्या पाण्याचा दाब (तो गेला की भट्टी फुटायची भीती), सगळे आकडे क्षणाक्षणाला पडद्यावर यायचे. ही मांडणी मॅडमची. बाई कुंभार पिंपळगावच्या, बोलणं ठसकेबाज. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आम्ही त्यांना टरकून असायचो.

एकदा कुणीतरी परस्पर सेटिंग बदललं. मालक भडकले. "आजपासून आकडा बघायलासुद्धा पासवर्ड!" तसं करून पाहिलं, तर दर वेळी ओळख तपासण्यात वेळ जाऊन पडद्यावरचे आकडे मागे पडू लागले. मॅडम थेट केबिनमध्ये. दार उघडंच होतं, आम्ही बाहेर कान टवकारून.

"बदलायला दहादा ओळख विचारा, साहेब. बघायला अन् थांबवायला बिलकुल न्हाई. शिळी भाकर चालती, शिळा आकडा चालत न्हाई."

"अन् कुणी खोडी काढून भट्टी बंद केली तर?"

"मंग माल वाया जाईल. माणूस तर न्हाई जाणार? वाटलं तर माझी नोकरी घ्या."

मालकांनी कुरकुरत मान्य केलं.

पुढं एकदा मी, माल रवाना करणारा कारकून, कसल्याशा कामाला कंट्रोल रूममध्ये गेल्तो. ऑपरेटर जरा बाहेर होता. पडद्यावर पाण्याचा दाब झरझर उतरत होता, अन् काचेपलीकडं खाली आमची तीन माणसं उकळत्या लोखंडाशेजारी उभी. पासवर्ड माझ्याकडं कुठला? मॅडमची पकड आठवली. दाबलं बटण.

मालक धावत आले. "कुणाला विचारून बंद केली?"

माझ्या मागून मॅडम म्हणाल्या, "मला. पहिल्याच दिवशी परवानगी दिल्ती म्या."

पाण्याचा पाइप फुटलेला सापडला. तिघं धडधाकट खाली उतरले. मालकांनी सगळ्यांदेखत मॅडमना हात जोडले. आमची छाती अशी फुगली, जसा काही तो कॉम्प्युटर आम्हीच बनवला होता!

मॅडम निवृत्त होऊन गेल्या. कॉम्प्युटरही बदलले. परवा नवा इंजिनिअर म्हणाला, "काका, या बटणाला पासवर्डच नाही. लावू का?"

भट्टीत गार भंगार होतं. मी त्याचं मनगट धरलं, बोट बटणावर ठेवलं.

घरघर थांबली. त्या तिघांतला एक, आता केस पिकलेला, खालून वर बघत ओरडला, "मॅडम आल्या काय रं?"