दूध संघाच्या गल्ल्या आणि रज्जाकभाईंची वेस

आमच्या संघात दूध सकाळी येतं आणि संध्याकाळपर्यंत निघून जातं. किस्से मात्र येतात ते जातच नाहीत. चहाला चौघं बसली की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तो कॅन्टीनचा सांगा," आणि मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तोवर चहा गार. परवा माझ्या नणंदेनं विचारलं, "तू तिथं नेमकं करतेस काय?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायला लावते, आणि काहींना बोलू देत नाही." ती म्हणाली, "म्हणजे घरी करतेस तेच." तेव्हा म्हटलं, एकदा सगळं सलग सांगूनच टाकावं.

पुणतांब्याच्या रस्त्याला आमचा प्लँट. नेटवर्कची जबाबदारी माझी, आणि माझ्या हाताखाली एकच माणूस, रज्जाकभाई. 'हाताखाली' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. माणूस मूळ तिसगावचा, दहावी शिकलेला, पेशानं वायरमन, आणि अकरा वर्षं हंगामी. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर; आज आहे, उद्या असेलच असं नाही. त्यांना आयुष्यात हवं होतं ते एवढंच, कायम व्हायचं.

* * *

ते माझ्याकडे आले कॅन्टीनमुळे.

तेव्हा अख्ख्या प्लँटचं नेटवर्क एकच होतं. एके दुपारी सगळं एकदम ठप्प. वजनकाटा बंद, लॅब बंद, गेटवर टँकरची रांग. मी सर्व्हर रीस्टार्ट केला, देवाचं नाव घेतलं, पुन्हा रीस्टार्ट केला. दारात रज्जाकभाई उभे, खिशात टेस्टर. पंखा दुरुस्त करायला आले होते. नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या स्विचच्या डब्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, सगळे दिवे एकाच वेळी लुकलुकत्यात. हे काम न्हाई, हे भांडन हाय."

मी चिडलेच होते. म्हटलं, "मग सोडवा तुम्ही."

त्यांनी एकेक वायर काढायला सुरुवात केली. सातवी काढली आणि दिवे शांत झाले. त्या वायरीचा माग काढत दोघं थेट कॅन्टीनमध्ये पोचलो. फ्रिजच्या मागं छोटा स्विच होता, आणि एका वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली. म्हणजे निघालेला प्रत्येक निरोप गोल फिरून परत तिथंच, आणि प्रत्येक फेरीला त्याची पिल्लं. कॅन्टीनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "एक टोक लोंबकळत होतं मॅडम, बरं दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी लेखी पत्र देऊन रज्जाकभाईंना माझ्याकडे मागून घेतलं.

* * *

त्यानंतर मी ठरवलं, सगळ्यांना एका घोळक्यात ठेवायचं नाही. स्विच तेच, वायरी त्याच, पण आतून वेगळे भाग पाडायचे. लॅबचा वेगळा, काट्याचा वेगळा, ऑफिसचा वेगळा, कॅमेऱ्यांचा वेगळा. ह्याला व्हीलॅन म्हणतात. रज्जाकभाई गल्ली म्हणतात. एका गल्लीतला गोंधळ दुसऱ्या गल्लीत शिरत नाही, आणि एकीतून दुसरीत जायचंच असेल तर राउटरमधूनच जावं लागतं. राउटरला त्यांचं नाव वेस.

रविवारी गल्ल्या पाडल्या. माझ्यावर मीच खूश. सोमवारी सकाळी कदम साहेब आले. हे आमचे प्रशासन अधिकारी, माणूस अत्यंत सज्जन, पण स्वतःची फाइल उघडतानासुद्धा दचकतात. म्हणाले, "मॅडम, सुरक्षा फार छान झाली आहे. आता काम कसं करायचं?"

काय झालं होतं? गल्ल्या पाडायच्या नादात मी वेस उघडायचीच विसरले होते. लॅबमध्ये दुधाचं फॅट मोजलं जात होतं आणि ऑफिसला त्यातला एक आकडा दिसत नव्हता. राउटरवर सगळं भरेपर्यंत तीन तास गेले. तेवढा वेळ लॅबच्या मंगलताई आकडे चिठ्ठीवर लिहून पायी ऑफिसला नेत होत्या, जिना चढून, पांढऱ्या कोटात. मी माफी मागायला गेले तर त्या घाम पुसत म्हणाल्या, "तुमचं ते यंत्र केवढ्याला येतं हो? त्याच्या निम्म्यात मी रोज करीन, फक्त जिना काढा."

* * *

मग आण्णांचा.

आण्णा म्हणजे आमचे चेअरमन. कॅमेऱ्यांची गल्ली सगळ्यांना बंद होती, फक्त आण्णांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला तिथं जाता येईल अशी सोय करायची होती. मी राउटरवर नियम लिहिले. पहिली ओळ: सगळ्यांना बंदी. दुसरी ओळ: आण्णांना परवानगी. अर्ध्या तासात केबिनमधून बोलावणं.

"मॅडम, मला माझाच प्लँट दिसत नाही."

काय चुकलं तेच मला कळेना. रज्जाकभाईंनी माझ्या खांद्यावरून त्या दोन ओळी वाचल्या आणि सरळ आण्णांनाच समजावून सांगितलं. "आण्णा, वेशीवर जो गडी बसवलाय ना, तो पाटी वरून वाचतो, आन् लागू पडंल त्या पयल्या ओळीला थांबतो. पयल्या ओळीत लिवलंय, कुनाला सोडू नको. तुमचं नाव खाली हाय. तिथवर तो वाचतच न्हाई."

आण्णा गंभीर झाले. म्हणाले, "माझं नाव खाली घातलं कुणी?"

मी हात वर केला.

"वर घ्या. आणि त्या गड्याला बदलू नका, चांगला आहे. आमच्याकडं पुढच्या ओळी वाचून स्वतःचं डोकं चालवणारेच फार झालेत."

* * *

वायरींना कागदी लेबलं लावली की ती आठ दिवसांत गळून पडायची. प्लँटमध्ये सगळीकडे ओल, वाफ. रज्जाकभाई एके दिवशी पिवळे प्लास्टिकचे बिल्ले घेऊन आले, प्रत्येकावर ठसठशीत नंबर. पाण्यात टाका, उन्हात टाका, काही होत नाही. गायींच्या कानात मारतात तेच. पशुवैद्यकीय विभागातून 'थोडे उरलेले' मागून आणले होते. सर्व्हरचं कपाट उघडलं की गोठ्यात आल्यासारखं वाटायचं, पण कुठली वायर कुठल्या गल्लीची, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

ते बिल्ले काही उरलेले नव्हते. महिन्याभरानं आमचे पशुवैद्यक यादी घेऊन दारात. चोवीस जनावरांचा पत्ता लागत नाही म्हणे. कपाट उघडून दाखवलं. डॉक्टरांनी एक बिल्ला हातात धरून, मान न वळवता विचारलं, "ही दूध किती देते?"

"शंभर मेगाबिट," रज्जाकभाई म्हणाले. "दिवसाला न्हाई डॉक्टर, सेकंदाला."

डॉक्टरांनी यादीवर चोवीस नंबरांपुढं 'स्थलांतरित' असा शेरा मारला आणि निघून गेले.

* * *

आता शेवटचा. हा मी कुणी मागितला नाही तरी सांगते.

गेल्या वर्षी संचालक मंडळानं ठराव केला: नेटवर्कचं काम करणाऱ्या प्रत्येकानं बाहेरच्या परीक्षकासमोर प्रॅक्टिकल द्यायचं. पास झाला तर कायम. नापास झाला तर मूळ जागी, म्हणजे रज्जाकभाई परत बॉयलरच्या बाजूला, वायरमन, हंगामी. कदम साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणाले, "रज्जाकभाई, राहू द्या. सगळं इंग्रजीत असतं हो."

"साहेब, स्विचचे दिवे काय मराठीत लुकलुकत्यात?"

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत एका भंगारात निघालेल्या राउटरवर त्यांनी सराव केला. एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टायपिंग. कमांडचं स्पेलिंग चुकलं की राउटर नाकारायचा. हे म्हणायचे, "बरोबर हाय त्याचं," आणि पुन्हा मारायचे.

परीक्षक पुण्याहून आले. कडक इस्त्री, कमी बोलणं. टेबलावर एक स्विच, एक राउटर, दोन लॅपटॉप. एक आमचा, एक परीक्षकांचा स्वतःचा. प्रश्न असा: दोन लॅपटॉप दोन वेगळ्या गल्ल्यांत टाका, राउटरला एकच वायर जोडा, आणि त्या एका वायरीवरून दोन्ही गल्ल्यांची ये-जा करून दाखवा. आमच्या लॅपटॉपवरून पिंग मारायचं, म्हणजे हाक द्यायची; त्यांच्या लॅपटॉपची ओ आली की पास. वेळ एक तास.

चाळीस मिनिटांत सगळं झालं. स्विच, राउटर, दोन्ही गल्ल्या, दोन्ही पत्ते. एका ओळीत चूक नाही. मी मागं उभी राहून डोळ्यांनी मोजत होते. त्यांनी पिंग मारलं.

ओ नाही.

पुन्हा मारलं. नाही. परीक्षक घड्याळाकडं बघत होते. कदम साहेब भिंतीकडं बघत होते. मला नियमानं एक शब्द बोलता येत नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. अकरा वर्षं माणसानं दर सहा महिन्यांनी ऑर्डरची वाट बघितलेली.

रज्जाकभाईंनी घाई केली नाही. राउटरवर एक यादी उघडली. त्या गल्लीत कोण कोण आहे ते राउटर तिथं लिहून ठेवतो. यादीत परीक्षकांचा लॅपटॉप होता. मग ते खुर्ची मागं सरकवून बसले.

"साहेब, रस्ता पूर्ण हाय. तुमचा लॅपटॉप त्याच गल्लीत हाय, राउटरला त्यानं स्वतःचं नाव सांगितलंय. पन हाक मारली की गप बसतोय. त्याची फायरवॉल, म्हंजी त्याचा आतला पहारेकरी, चालू हाय. तेवढी बंद करा."

परीक्षकांनी लॅपटॉप ओढून घेतला. काही बटणं दाबली. पासवर्ड मागितला गेला. त्यांनी एक घातला, चालला नाही. दुसरा घातला, चालला नाही. मग घसा साफ करून म्हणाले, "हा कंपनीचा लॅपटॉप आहे. मला ते बंद करायचा अधिकार नाही."

"मग ह्यांनी काय करायचं हो?" कदम साहेब म्हणाले. त्यांचं एवढं धाडस मी प्रथमच बघितलं.

"पिंग आलं नाही तर मला पास लिहिता येत नाही. नियम आहे. आठ मिनिटं आहेत."

रज्जाकभाई उठले. मला वाटलं, संपलं, निघाले. ते कोपऱ्यातल्या ऑफिसच्या प्रिंटरपाशी गेले, त्याच्या भिंतीतल्या दोन्ही वायरी उपटल्या आणि प्रिंटर टेबलावर आणून त्याला वीज दिली. परीक्षकांच्या लॅपटॉपची नेटवर्कची वायर काढून ती प्रिंटरला लावली. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर त्या गल्लीतला पत्ता भरला, वेशीचा पत्ता भरला. मग आमच्या लॅपटॉपपाशी येऊन प्रिंटरचा नवा पत्ता टाकला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, पण अडवलं नाही. नियमात प्रिंटरबद्दल काही लिहिलेलं नसावं.

"कदम साहेब," रज्जाकभाई स्क्रीनकडं बघत म्हणाले, "ह्या परीक्षक साहेबांनी सकाळी मेलवर एक कागद पाठवला हुता. तुमी ह्या लॅपटॉपवर उतरवून ठिवलाय, प्रिंट काढायचा राहिलाय तुमचा."

"अरे हो," कदम साहेब म्हणाले.

एका बोटानं रज्जाकभाईंनी शेवटचं बटण दाबलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग पलीकडच्या गल्लीतला प्रिंटर गुरगुरला, कागद आत ओढला आणि हळूहळू बाहेर सोडला. निकालाचा फॉर्म. वर संघाचं नाव, मध्ये 'उमेदवार: रज्जाक', खाली 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण' असे दोन चौकोन, आणि परीक्षकांच्या सहीची रेघ.

रज्जाकभाईंनी तो गरम कागद दोन्ही हातांनी धरून परीक्षकांसमोर ठेवला.

"साहेब, पिंग न्हाई आलं," ते म्हणाले. "निकाल आलाय."

परीक्षकांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा केला, आणि कदम साहेबांकडे पेन मागितला.