त्रेचाळीस घरांचा नकाशा

मी मस्कतला निघालो तेव्हा बाबा एसटी थांब्यापर्यंत बॅग डोक्यावर घेऊन आले. गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "तकडं कुनाफुडं हात बांधून हुबा ऱ्हाव नको." ते स्वतः जन्मभर खोतांपुढे तसेच उभे राहिले होते. कुळकायदा येणार अशी कुणकुण लागताच खोतांनी आमची वाडी उठवली आणि त्या जागी हापूसची कलमं लावली. आजोबांचं घर त्यातच गेलं.

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन. साहेब डेस्मंड, आयरिश. त्यांच्या घराण्याची तिकडे मोठी जमीनदारी होती, आणि २०१४ साली ते त्या इस्टेटीचा इतिहास छापणार होते. एक जुना नकाशा देऊन म्हणाले, "हा ऑटोकॅडमध्ये नीट काढून दे."

नकाशात हवेली होती, तळं होतं आणि कडेने छोटे छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनात एकेका कुळाचं नाव. मी मोजले. त्रेचाळीस.

"ते चौकोन सोडून दे," साहेब म्हणाले. "आजोबांच्या आजोबांनी जमीन सुधारली, तेव्हा ती घरं काढली."

"माणसं कुठं गेली, सर?"

"अमेरिकेला, बहुतेक. बरंच झालं त्यांचं."

बरंच झालं! आमचे खोतही हेच म्हणतात, पोरं मुंबईला गेली, गल्फला गेली, बरंच झालं. माझी कानशिलं तापली. दुसरी नोकरी धरायला लागणारी एनओसी या माणसाच्या हातात, मुलीची शाळा नुकती सुरू झालेली. तरी मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरं काढली, नावांसकट.

साहेब लाल झाले. "मी नको म्हटलं होतं."

"तुमच्याच नकाशात आहेत, सर. पुसायची असतील तर दुसऱ्याला सांगा. खाली माझं नाव नको."

त्यांनी दुसऱ्याकडून पुसून घेतली. पुस्तक आलं, ऑफिसात सगळ्यांना एकेक प्रत मिळाली. हवेलीभोवती नुसतं हिरवंगार रान, आणि खाली बारीक अक्षरात 'नकाशा' म्हणून माझंच नाव. नोकरी वाचली म्हणून मित्रांनी पाठ थोपटली. मला मात्र ते पान फाडून साहेबांच्या टेबलावर फेकावंसं वाटत होतं. फेकलं नाही, याचाही राग अजून आहे.

त्या वर्षी सुट्टीत गावी गेलो, ते मोजपट्टी घेऊनच. बाबांना कलमांच्या बागेत नेलं. ते एकेका घराची जागा दाखवत गेले, आजोबांच्या घराचीही, मी कागदावर उतरवत गेलो. तेवढ्यात खोतांचा नातू वरच्या बांधावर आला.

"काय रे, काय मोजताय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच त्याच्याकडे सरळ बघत म्हणाले, "आमची घरां."

तुम्ही गावची माणसं फोनवर विचारता, घरी कधी येणार? गावात मी बांधलेला स्लॅबचा बंगला तुमच्या डोळ्यांपुढे असतो. बंगला आहे, चांगला आहे. पण घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी आता सांगतो, खोतांच्या बागेत, तिसऱ्या रांगेत, सातव्या कलमाखाली.