‘बाबा’ म्हणजे कोण?

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते. “गेल्या गो आपल्या मॅडम,” वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या. मी ताटावरून उठले नाही. उठायचं त्राणच नव्हतं... रडूही आलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले, पण तो शीण अंगातून जायला तयार नाही.

शरयू मॅडम रत्नागिरीतल्या आमच्या रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग बघायच्या आणि माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक होत्या. मी तिथली शिकाऊ डॉक्टर, सांगलीकडची. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “घाटावरची काय गो तू? बरं झालं. आमच्याकडे सगळे नाकात बोलतात, तू जरा मोठ्याने बोल.” प्रबंधाचा विषय त्यांनीच दिला. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देतात, कांगारूसारखी. घरी गेल्यावर आईखेरीज ही ऊब आणखी कोण देतं, ते शोधायचं होतं. आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘बाबा बाळाला छातीशी धरतात का?’ मी लिहिला, मॅडमनी वाचून मान डोलावली. खेड, मंडणगड, हर्णे, कुठून कुठून तपासणीला येणाऱ्या आया ‘हो’ म्हणत गेल्या. बाबा तासन्‌तास धरतात म्हणे! आम्ही दोघी हरखलो. निम्म्याअधिक बाळांचे बाप मुंबईला नोकरीला असतात, हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? पण मनासारखं उत्तर मिळालं की डोकं गहाण पडतं. “बघा, कोकणातला पुरुष सुधारला,” असं मॅडम विभागभर सांगत सुटल्या.

शेवटचं प्रकरण लिहीत होते तेव्हा मंडणगडकडची एक मुलगी बाळाला दाखवायला आली. “बाबा येतायत, पिशवी घेऊन,” म्हणाली. आत आले ते पांढऱ्या मिशांचे, साठी उलटलेले गृहस्थ. मॅडमनी चष्मा काढला. “हे बाबा?”

“हो, माझे बाबा. बाळाचे पप्पा मुंबईला असतात ना.”

कर्म आमचं! बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी बाबा कोणाला म्हणणार? आपल्या बापाला. सासरी असली तर सासऱ्यांना. आम्ही बाळाचे बाबा विचारत होतो, त्या आपापल्या बाबांचं सांगत होत्या. सगळं मुसळ केरात. मॅडम आधी पोट धरून हसल्या आणि मग प्रश्नावल्यांचा गठ्ठा ओढून पहिल्यापासून चाळू लागल्या. त्यांची केमो नुकतीच सुरू झाली होती.

मुदत तोंडावर आलेली. विभागात जो तो म्हणत होता, जाऊ दे, प्रबंध वाचतो कोण? मॅडम ऐकेनात. “खोटं नाही गो ते, पण खरंही नाही. परत विचार सगळ्यांना.”

“मॅडम, माझी परीक्षा जाईल.”

“आणि मी जाईन. बघू, आधी कोण जातं.”

असल्या बोलण्याचा मला भयंकर राग यायचा. अजून येतो. मी काय त्यांचं घोडं मारलं होतं? पण विचारलं परत. रेंज नसलेल्या वाड्या, बदललेले नंबर, जिथे फोन लागेना तिथे ड्यूटी संपवून एसटी... नाकी नऊ आले. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन पलंगाशी बसायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. वाक्याच्या मधेच त्यांना डुलकी लागायची. मी थांबले की डोळे न उघडता म्हणायच्या, “पुढे?” ‘वडील’ खोडून ‘आजोबा’ लिहिता लिहिता निष्कर्षच बदलला. मर्यादांच्या प्रकरणात त्यांनी स्वतः एक वाक्य घालायला लावलं, की ही चूक मार्गदर्शकाचीही आहे, याच जिल्ह्यात जन्मून तिला ती कळली नाही. मी म्हटलं, असलं प्रबंधात कोणी लिहीत नाही. “मग आता लिहितील,” म्हणाल्या. प्रबंध कसाबसा मुदतीत गेला. पाठोपाठ मॅडमही.

परवा प्रबंध मान्य झाल्याचं कळलं. पेढेबिढे काही नाहीत. चहाचा कप घेऊन मी कांगारू खोलीत जाऊन बसले. या खोलीत पूर्वी पुरुषांना येऊ देत नसत. आमचे निष्कर्ष हातात आल्यावर मॅडमनी आजारपणातून फोनवर भांडून तो नियम बदलून घेतला होता. समोरच्या खुर्चीत एक आजोबा होते, सदऱ्याची बटणं उघडी, आत नातू गाढ झोपलेला. अंग अवघडलं असेल, म्हणून मी विचारलं, “सिस्टरना घ्यायला सांगू का?”

“नको वो. ह्याच्या आयशीला मी कधी असा घेतला नाय. मुंबैला होतो. गावाला आलो तवा ती चालत होती... मला बघून पळाली.”

अख्ख्या प्रबंधात हे कुठेच नव्हतं. मॅडमना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, म्हणून मी कप तिथेच ठेवून झपाझप निघाले आणि त्यांच्या खोलीचं दार ढकललं. आत नवे डॉक्टर बसले होते. “काय हवंय?” त्यांनी विचारलं.

मॅडम हव्यात, असं कसं सांगायचं त्यांना...