घनश्याम पाटलाची खाट

"पाणी आधी टोकाले," हे सुखरामचं रोजचं बोलणं. घासागणिक म्हणायचा.

त्याचा बाप तलावाचं तुडूम सांभाळायचा, म्हणजे पाळीच्या पोटातली पाण्याची वाट उघडायचा नि बुजवायचा. सिहोऱ्याच्या बाजूचं हे लहानसं गाव. सरपंचकी कायम तलावाला लागून असलेल्या मोठ्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, मालकांची. बाहत्तर साली, पाणी शेवटी पोचायचं त्या टोकाचे शेतकरी आणि मासेमारांचा ढिवरटोला एक झाले, नि सुखराम निवडून आला. ढिवरांतला पहिला सरपंच. टोकाच्या बांधीवाल्या डोमानं त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं.

"मासोळीच्या वासाचा सरपंच!" तलावालगतच्या बांध्यांचा मालक घनश्याम पाटील म्हणाला.

"नाक दाबून सही घ्या, पाटील," सुखराम हसला. त्याची बायको देवकाबाई त्या हसण्यावर कितीतरी वर्षं जगली.

बारा वर्षं तुडूम उघडलं की पाणी आधी शेवटच्या बांधीत जायचं. पाटलाच्या घरी मात्र सुखराम पायरीवर बसायचा. ढिवरानं तिथंच बसायचं, असा रिवाज. देवकाबाईला त्याचं वाईट वाटत नसे. पायरीवरून उठला की तो ताठ चालायचा.

चौऱ्याऐंशीला हस्त कोरडा गेला. धान गर्भात आलेलं, तलावात जेमतेम दोन दिवसांचं पाणी. पाटलानं त्याला बोलावलं. देवकाबाई मागच्या दारी मासोळी विकायला आली होती. तिथून ओसरी सरळ दिसायची.

"अगा सरपंच, पायरीवर काहून बसतेस? ये, खाटेवर बस."

सुखराम बसला. धोतर झटकून, नवरदेवासारखा.

"यंदा आमच्या बांध्यांपासून सुरू कर. उरलं त टोकाले."

त्यानं मान डोलावली. खाट करकरली. देवकाबाईनं मासोळीची टोपली उचलली नि न विकताच घरी आणली.

टोकापर्यंत पाणी पोचलंच नाही. महिन्याभरात तिथलं धान पांढरं पडलं. डोमानं लोंबी चिमटीत दाबून सुखरामपुढे धरली. आत दाणा नव्हता.

"राम राम, सरपंच. खाट मऊ होती ना?"

सुखराम घरी येऊन जेवायला बसला. दोन घास खाऊन म्हणाला, "पाणी दे."

"टोकाले देऊन या आधी," देवकाबाई म्हणाली.

तो ताटावरून उठला. अंगणापुढे दोन वाटा. डावी डोमाच्या बांधीकडे, उजवी पाटलाच्या घराकडे. सुखरामनं धोतर झटकलं नि उजवीकडे चालू लागला. उष्टं ताट हातात धरून देवकाबाई दारातून बघत राहिली. तिनं हाक मारली नाही.