कालवड कुणाची

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली तशी नवऱ्याची बदली इकडे झाली, आणि आम्ही नागपूर सोडून बुढापारा मोहल्ल्यात दोन खोल्या घेऊन राहिलो. मी वकील, पण नव्या शहरात मला कोण विचारणार? कोर्टाच्या आवारात गरीब बायकांना फुकट कायद्याची मदत देणारी एक खोली होती, तिथे मी बसायला लागले. जम बसेपर्यंत, असं ठरवलं होतं. नंतर तिथून उठावंसंच वाटलं नाही.

एका दुपारी मी डबा उघडला आणि ती आत आली. अभनपूरच्या पुढच्या एका खेड्यातली, पंचविशीची, कडेवर लहानगी मुलगी. खुर्ची नको म्हणाली, फरशीवर ऐसपैस बसली आणि धडाधड बोलायला लागली. नवऱ्याने दुसरीला बांगड्या भरून, म्हणजे बायको करून, घरात आणलं होतं. ही पोरीला घेऊन माहेरी निघून आली.

मी म्हटलं, "आधी खावटीचा अर्ज टाकू. तुझा आणि पोरीचा खर्च त्याने द्यायला पाहिजे."

"वो बाद में, दीदी. पहिली मोर गाय." आधी माझी गाय.

लग्नात बापाने तिला गाय दिली होती. ती सासरच्या गोठ्यातच राहिली होती. नवरा परत नको, भांडणही नको, गाय हवी. मला हसू आलं, पण कायद्याने तिचं म्हणणं पक्कं होतं. माहेरून मिळालेलं ते बाईचं. मग ते सोनं असो की गाय.

आम्ही समेटासाठी दोघांना बोलावलं. नवरा आला तो आईला घेऊन. मध्यस्थीला एक न्यायाधीश बाई बसल्या होत्या. गाय हिच्या बापाने दिली हे त्याने लगेच कबूल केलं. "घेऊन जाऊ दे. पण कालवड देणार नाही," तो म्हणाला.

मी चमकले. कालवडीचं हिने काही सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणते, "गाय म्हटली की कालवड आलीच ना!"

नवरा हटून बसला. "आमच्या गोठ्यात जन्मली. आमचा पैरा खाऊन वाढली." पैरा म्हणजे धानाचं तणस. "आणि सांडही आमच्याच गावचा."

न्यायाधीश बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मी उठून सांगितलं, गाय जिची तिचंच वासरू. तो ऐकेना. आम्ही बराच वेळ त्या एका कालवडीवर वाद घालत होतो. सासू भिंतीशी बसून होती, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. मी तिला मनातल्या मनात विरुद्ध पक्षात धरून टाकलं होतं.

एकाएकी ती मुलाला म्हणाली, "नोनी ल महतारी संग जावन दे देस. बछिया ल काबर रोकथस?"

पोरीला आईसोबत जाऊ दिलंस, मग कालवड कशाला अडवतोस?

नवऱ्याने मान खाली घातली. पोरगी आईच्या मांडीवरून उतरून आजीकडे गेली, आजीने तिला जवळ ओढलं. तो म्हणाला, "हव. ले जाय."

ठरल्या दिवशी मीही सोबत गेले. तिच्या भावाने एक मेटाडोर आणली होती. कालवड उडी मारून चढली, गाय काही केल्या चढेना. फळी लावली, चारा दाखवला, मागून ढकललं. तिने चारही पाय रोवले. शेवटी कालवड खाली उतरवली आणि आम्ही चालतच निघालो. निघताना सासूने तणसाची एक पेंढी सुनेच्या डोक्यावर ठेवली. "नवा गोठा. दोन दिवस खाणार नाही, हे दे," एवढंच बोलली. सुनेने पेंढी एका हाताने सावरत वाकून तिच्या पायांना हात लावला.

तिचं माहेर दोन गावं पलीकडे. धानाच्या बांधावरून पुढे गाय, मागे कालवड, मग ती, तिचा भाऊ, आणि शेवटी कोर्टात जायच्या सँडलात मी. ती वाटभर बोलत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "वकील दीदी आय, मोर संग आय हे!" गाय जिंकल्यापेक्षा वकील सोबत चालते आहे याचाच तिला जास्त तोरा होता. खरं सांगायचं तर मलाही.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. माझा नवरा दारातच म्हणाला, "काहून गं, शेणाचा वास येऊन राहिला?" मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, आणि तो हसत माझ्यासाठी गरम पाणी ठेवायला आत गेला.

खावटीचा अर्ज पुढे आम्ही टाकला, मंजूरही झाला. त्याला वेळ लागला, पण तिने एकही तारीख चुकवली नाही.

पुढच्या वर्षी ती शेजारच्या एका बाईला घेऊन आली. बाई पदराचं टोक पिळत नुसती उभी. हिने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "बोल ना. दीदी खाऊन थोडीच टाकणार आहे?" आणि माझ्याकडे वळून, "पहिल्यांदा आली आहे, दीदी. हळूहळू विचारा."

मी हळूहळू विचारायला सुरुवात केली.