मांडवाखाली पडलेले फुटवे

बडनेऱ्याच्या वाटेवर, विहिरीला लागून आमचा द्राक्षांचा मांडव होता. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. छाटणीनंतर वेल बेफाम फुटतो. एका डोळ्यातून दोन-दोन, तीन-तीन कोंब निघतात. त्यांतले वांझ आणि लेचेपेचे वीतभर व्हायच्या आत मोडायचे. सगळे ठेवले तर आत ऊन पोचत नाही, भुरीचा रोग पडतो, मणी हरभऱ्याएवढे राहतात. वडील म्हणायचे, "दया येत असंल तं मांडवात पाय ठेवू नको."

त्या वर्षी माझी बायको पाच महिन्यांची गरोदर होती. घरात दोन जिवांची बाई असली की कोवळा कोंब मोडायचा नाही, ही आमच्या घरची रीत. आई, म्हणजे बायकोची आत्याबाई, रोज बजावायची, "औंदा राहू दे. वेल काई पळून नाई चालला."

पण मागल्या साली मी आजारी होतो, फुटवे तसेच राहिले होते, आणि अकोल्याच्या बाजारात आमच्या टोपल्यांना कुणी हात लावला नव्हता. ते सलत होतं. आई देवळात गेली तेव्हा मी मांडव मोकळा केला. खाली पडलेले फुटवे बायकोनं शेळीसाठी पदरात गोळा केले. नेमकी तेव्हाच आई परतली. तिनं ते पाहिलं आणि तशीच आत गेली.

आठ दिवसांनी मूल गेलं.

"तूच मोडले ना वं?" आई म्हणाली. "पदर भरून नेत होती, मी पाह्यलं."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन मोटेला बैल जोडले.

कोंब मोडल्यानं मूल जात नाही, हे मी तेव्हाही मानत होतो. तरी तोंड उघडलं नाही, कारण आईची बोलणी मला खावी लागली असती. एवढंच कारण.

त्या फाल्गुनात असे घड लागले की कँपातल्या साहेबाचा खानसामा स्वतः टोपली घेऊन आला. बायकोनं एकही मणी तोंडात घातला नाही. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत राहिली, "आमच्या सुनेनं आपल्या हातानं घालवलं." बायको त्यांच्यासाठी पाट मांडायची.

आईचं तेरावं झाल्यावर मी बायकोपुढं सारं कबूल केलं. ती लसूण सोलत होती.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मी तं तितंच होती. आत्याबाईले सांगाचं होतं."