वर्षाला साठ सेंटिमीटर

घर घ्यावं की नाही यावर ऊर्मी आणि तिचा नवरा उन्मेष तीन आठवडे घोळ घालत बसले होते. शेवटी कौल दिला तो ऊर्मीच्या वडिलांनी, हेमचंद्र मुळ्यांनी.

"घ्या," ते म्हणाले. "चाळीस वर्षं तरी या घराला काही होत नाही."

हा काही हौशी सासऱ्याचा सल्ला नव्हता. मुळ्यांनी नाशिकला पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली होती, आणि तीही गाळ मोजण्यात. होडीत बसायचं, धरणाच्या पाण्यात दोराला बांधलेला शिशाचा गोळा सोडायचा, तळ किती खोल लागला ते पाहायचं. डोंगरावरून यंदा किती माती उतरली आणि धरणाचं पोट किती भरलं, हे सांगणारा माणूस. मुळ्येसाहेबांनी आकडा दिला की वरचे लोक पुन्हा मोजायला लावत नसत.

घर कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून पाऊण तासावर, समुद्राला लागून असलेल्या एका बुटक्या टेकडीवर होतं. टेकडी खडकाची नव्हती. हजारो वर्षांपूर्वी हिमनदीने सरकता सरकता अंगाखाली दाबून मागे टाकलेला चिकणमाती, रेती आणि गोट्यांचा तो ढीग. वर मऊ गवत आणि समुद्राच्या बाजूने कड्यासारखा उभा, तांबूस काप.

"ही टेकडी कुणीतरी अर्धी खाऊन ठेवलीय," पहिल्यांदा पाहिली तेव्हा विजयालक्ष्मी म्हणाल्या. मुळ्यांच्या पत्नीला भूगर्भशास्त्र येत नव्हतं, पण ताटात काय उरलंय ते त्यांना बरोबर कळे.

त्याच दिवशी मुळ्यांनी मागच्या पायरीपासून काठापर्यंत टेप धरला. सव्वीस मीटर. उन्मेषने कॉम्प्युटरवर जुने हवाई फोटो शोधून दिले. पन्नास वर्षांपूर्वीचा काठ आणि आजचा काठ यांत तीस मीटर. म्हणजे वर्षाला साठ सेंटिमीटर. भागाकार केला, त्रेचाळीस आले. त्यातली तीन वर्षं मुळ्यांनी शास्त्राच्या नम्रतेखातर सोडून दिली.

ऊर्मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आकड्यावर विश्वास ठेवायची सवय तिला घरातूनच लागलेली. "बाबा म्हणतायत ना, मग झालं," ती उन्मेषला म्हणाली, आणि दोघांनी सह्या केल्या. महिन्याभरात नऊ वर्षांची ईशानी, तिचे आईबाप आणि आजीआजोबा असे पाचही जण तिथे राहायला आले.

वास्तुशांतीच्या वेळी एक अडचण निघाली. वास्तूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची, पण घराखाली सगळं बेसमेंटचं काँक्रीट. गुरुजी नाशिकहून व्हिडिओवर होते. "अंगणाच्या आग्नेयेला पुरलंत तरी चालेल," ते म्हणाले. आग्नेयेला समुद्र होता. मुळ्यांनी स्वतः फावडं घेतलं आणि अंगणाच्या त्या कोपऱ्यात, काठापासून पाच-सहा पावलं आत, खड्डा खणला.

"अहो, देवाला अगदीच कडेला बसवलंत," विजयालक्ष्मी म्हणाल्या.

"सहा वर्षं आहेत त्याला. पुढे आत घेऊ."

"देवालासुद्धा मुदत घातलीत का?"

पहिली तीन वर्षं काठ सगळा मिळून अर्धा मीटरही सरकला नाही. मुळ्ये दर महिन्याला मोजत आणि जेवताना आकडा सांगत. उन्मेष हसून म्हणे, "बाबा, या हिशोबाने आपण दीडशे वर्षं राहू." मुळ्येही हसत.

रस्त्याच्या पलीकडे, बरंच आत, वॉलेसचं घर होतं. ऐंशीला टेकलेला, लॉबस्टर धरण्यात आयुष्य गेलेला म्हातारा. त्याचं इंग्रजी मुळ्यांना निम्मं कळे, पण कुंपणापाशी गप्पा व्हायच्या. एकदा मुळ्यांनी त्याला आपला आकडा अभिमानाने ऐकवला.

"दोन फूट? दर वर्षी?" वॉलेसने मान हलवली. "नाही रे हेम. हा समुद्र असा दोन-दोन फूट खात नाही. वीस वर्षं शिवत नाही, आणि मग एका दुपारी बटाट्याचं अख्खं शेत नेतो. माझ्या आजोबांनी बर्फावरून बैल लावून राहतं घर मागे ओढून आणलं. तेच हे घर."

"मग आम्ही घर घेतलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तुझ्याकडे आकडा होता."

मुळ्ये घरी परतले. वॉलेस सांगत होता ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. धरणात गाळ तरी कुठे दर वर्षी सारखा येतो? चार पावसाळे कोरडे जातात आणि एका पुरात सगळी कसर भरून निघते. सरासरीवर विसंबून झोपू नका, असं त्यांनी किती कोवळ्या इंजिनीअरांना बजावलं होतं. पण सगळा जन्म त्यांनी माती येते त्या टोकाला काढला होता. ती जिथून सुटते तिथे त्यांचं घर कधी नव्हतं. त्या रात्रीही त्यांनी ऊर्मीला काही सांगितलं नाही. सांगून करायचं काय होतं?

चौथ्या सप्टेंबरात वादळ आलं. दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी वारा पडला तेव्हा मुळ्ये मागचं दार उघडून बाहेर आले, आणि त्यांना आधी वाटलं की समुद्रच वर आला आहे. समुद्र होता तिथेच होता. मधलं गवत नव्हतं. टेप धरला तर साडेअठरा मीटर भरले. एका वादळात सात मीटर. अंगणाचा आग्नेय कोपरा, कुंपणाचे चार खांब आणि कोपऱ्यात पुरलेला वास्तुपुरुष, सगळं खाली लाटांत गढूळ झालं होतं.

विजयालक्ष्मी काठापासून लांबच उभ्या होत्या.

"घर राखायला बसवला होता," त्या म्हणाल्या, "सगळ्यात आधी तोच गेला. त्याला तरी काय बोलायचं, एकट्याला पुढे उभा केला आपण."

त्यानंतर काठ थांबलाच नाही. हिवाळ्यात कापाच्या भेगांत पाणी गोठायचं, फुगायचं, मार्चमध्ये वितळलं की मातीच्या ढेपाच्या ढेपा सुटायच्या. मोठी लाटसुद्धा लागत नसे. स्वयंपाकघरात बसलं असताना नुसता धप्प असा आवाज येई, आणि कुणी कुणाकडे पाहत नसे. मुळ्यांनी काठाला मीटरमीटरवर खुंट्या ठोकल्या होत्या, त्या एकेक करून जात होत्या. आता ते रोज सकाळी मोजत. जेवताना आकडा सांगणं मात्र त्यांनी बंद केलं होतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. ऊर्मी एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मुळ्यांना फार वेळा वाटे.

माती कुठे जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं. पश्चिमेला अर्ध्या तासाच्या वाटेवर एक वाळूचा दांडा समुद्रात शिरलेला होता. लाटा काठाकाठाने टेकडीची माती तिकडे नेत. बारीक चिखल आत खोल जाई, जड रेती आणि गोटे दांड्यावर बसत. उन्हाळ्यात ईशानीला घेऊन ते तिथे जायचे.

"आजोबा, लुक! बीच मोठा झालाय!" ती ओरडली. खरंच झाला होता. लोक चटया टाकून पडले होते, मुलं किल्ले करत होती. मुळ्यांनी ओंजळभर वाळू उचलली. तांबूस होती.

ईशानीला शाळेत भूरूपं शिकवत होते, म्हणून त्यांनी तिला गोदावरीची गोष्ट सांगितली. ब्रह्मगिरीच्या बाजूची माती पावसात सुटते, नाशिकवरून वाहत जाते, वाटेत धरणात अडते, उरलेली पार राजमहेंद्रीच्या पुढे समुद्रापाशी पसरते. तिथे आता भाताची शेतं आहेत. दरी एकीकडे होते, शेत दुसरीकडे होतं. जगभर असंच चालतं. "माती हरवत नाही बाळा, जागा बदलते."

ईशानीने विचार केला. "बट वी डोन्ट गेट इट बॅक, राइट?"

"नाही," मुळ्ये म्हणाले.

टेकडीच्या पायथ्याशी दगड रचता येतील का, म्हणून उन्मेषने एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने खाली उतरून पाहिलं, रचता येतील म्हणाला. मुळ्यांनी विचारलं, लाट मग कुठे जाईल? त्याने दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरले. शेजारची जमीन दुप्पट वेगाने जाणार होती, आणि इथली माती अडली की दांड्याला खायला काही उरणार नव्हतं. तरीही केलेला परवानगीचा अर्ज सरकारने फेटाळल्याचं पत्र आलं तेव्हा उन्मेष चिडून फेऱ्या मारू लागला. मुळ्यांनी पत्र दोनदा वाचलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्याकडे हा अर्ज आला असता तर त्यांनीही हेच लिहिलं असतं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी दुपारी ऊर्मी भांडी विसळत होती. मुळ्ये टेबलाशी बसले होते. उन्मेष ईशानीला पोहायला घेऊन गेला होता. विजयालक्ष्मी आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, मध्येच एखादं दार लावल्याचा आवाज येई.

"बाबा," ऊर्मी पाठमोरीच म्हणाली, "हॅलिफॅक्सला एक बेसमेंट भाड्याने मिळतंय, दोन खोल्यांचं. डिसेंबरच्या आत हो म्हणावं लागेल. उन्मेष म्हणतो, एवढा हिवाळा इथेच काढू, ईशानीची शाळा मध्येच नको तोडायला. मला कळत नाहीये."

तिने एक ताट विसळून बाजूला ठेवलं.

"किती उरलंय?"

"अकरा मीटर."

"मग हा हिवाळा निघेल का? तुम्ही सांगाल तसं करते."

एवढं होऊनही ती त्यांनाच विचारत होती. अकरा मीटर, गेल्या दोन हिवाळ्यांत साडेसात. मुळ्यांच्या डोक्यात आपोआप भागाकार सुरू झाला आणि उत्तरही आलं. चांगलं उत्तर होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरणारं होतं.

"ऊर्मी, मला नाही सांगता येत."

"अंदाजे?"

"अंदाजेसुद्धा नाही. आज रात्री जाईल, नाहीतर दहा वर्षं उभं राहील. मला माहीत नाही."

तिने नळ बंद केला. हात पुसले. मग वळली.

"मग तेव्हा कसं सांगितलंत, बाबा?"

आवाज चढलेला नव्हता. लहानपणी गणित अडलं की ती याच स्वरात विचारायची. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ती थांबली. मुळ्यांनी तोंड उघडलं. फोटो, पन्नास वर्षं, तीस मीटर, सगळं सांगता आलं असतं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले.

ऊर्मीने फोन उचलला, बेसमेंटवाल्या बाईंचा नंबर काढला आणि बोलायला बाहेरच्या खोलीत गेली. मुळ्यांना तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. पाच जण, ती सांगत होती. हो, पाच. आईवडीलही आमच्याचकडे असतात.